तिसऱ्या दिवशी डोळे

जिताडा या समुद्रातल्या माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा आंधळंच असतं. डोळ्यांच्या जागी नुसते काचेसारखे ठिपके. तरी पाणी जरा हललं की ते सुळकन बाजूला होतं, कारण त्याच्या कातडीवर बारीक कोंब असतात, त्यांना पाण्याची हालचाल कळते. तिसऱ्या दिवशी डोळे काळे होतात, तोंड उघडतं, आणि तेव्हाच खाणं मिळालं नाही तर टाकीची टाकी मरते. कोकणातल्या एका मत्स्यबीज केंद्रात हा तिसरा दिवस सांभाळणं, हे माझं काम. कोपरगावकडच्या उसात वाढलेल्या पोरीनं हे करावं याची वडिलांना भारी गंमत वाटायची. ते मला माशांची सुईण म्हणायचे.

साखरेच्या आजारानं त्यांची नजर उतरू लागली. लवकर लेझर करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नगरचा दवाखाना आईला एकटीला जमणारा नव्हता, म्हणून मी येऊन नेते म्हटलं, आणि नेमकी केंद्रात अंडी आली. आठ दिवसांनी येते, असा फोन केला.

"तुझ्या पिल्लांचं डोळं उघडू दे, मग माझं बगू," ते म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं. अशा तीन खेपा गेल्या. चौथ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही.

तरी उसाला पाणी द्यायचं त्यांनी सोडलं नाही. सरीच्या शेवटाला अनवाणी उभे राहायचे. पाणी पायाला लागलं की हाक द्यायचे, आणि वर पाटापाशी थांबलेली आई पाणी पुढच्या सरीला लावायची. माझी पिल्लं कातडीनं बघतात तसे माझे वडीलही, असं मी केंद्रात कौतुकानं सांगत असे. त्याची आता लाज वाटते.

यंदा दिवाळीनंतर मी घरी गेले, तेव्हा सकाळी त्यांच्या शेजारी सरीत उभी राहिले. पाणी आलं. त्यांच्या बोटांवरून गेलं, पावलं बुडाली, वरंब्यावरून पलीकडे सांडू लागलं. ते आपले शांत उभे. आत्ता हाक देतील, आत्ता देतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पानी कुठवर आलं गं?" त्यांनी विचारलं.

साखर पायांतही उतरली होती.

"आत्ता आलं, आप्पा," मी म्हणाले, आणि आईला हाक मारली.