बाबांच्या गाडीतली काजळी

डिझेल गाडीच्या इंजिनात काजळी कशी साठते, यावर जेवणभर बोलू शकणारा नवरा सगळ्यांच्याच नशिबात नसतो. माझ्या आहे. उमेदीची वर्षं त्याने चेन्नईच्या एका कारखान्यात इंजिनांचा धूर मोजण्यात घालवली. मग कंपनीने एके दिवशी जगाचं भलं करायचं मनावर घेतलं आणि त्याला बॅटरीच्या विभागात नेऊन बसवलं. तेव्हापासून डिझेलबद्दल त्याला कोणी काही विचारत नव्हतं, घरातही नाही. त्यामुळे माझ्या वडिलांची गाडी काळा धूर ओकायला लागली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्याला झाला.

ही गाडी बाबांनी बँकेतून निवृत्त होताना घेतली होती. आईला घेऊन देश बघायचा होता, आणि लांब जायचं तर डिझेलच परवडतं असा त्यांचा हिशेब होता. आई त्याच वर्षी गेली. सांगलीत ते एकटे राहायला लागले, तेव्हा मी हट्ट करून त्यांना चेन्नईला, अण्णा नगरच्या आमच्या घरी आणलं आणि त्यांनी हट्ट करून गाडी आणली. महिन्याभरात म्हणाले, "इथे माझं कोणी नाही गं. मी परत जातो."

त्या रिकाम्या घरात हा माणूस पडला-झडला तर कोण बघणार, या विचाराने माझी झोप उडाली. मग सगळ्या कर्तबगार मुली करतात तेच मी केलं. भाषण दिलं. घराबाहेर पडा, माणसं जोडा, रोज संध्याकाळी कुठेतरी जा. हे सगळं सिरुसेरीच्या ऑफिसातून, दोन मीटिंगांच्या मधे, फोनवर.

आणि काय सांगू, भाषण लागू पडलं. बीचवर लाइटहाउसपाशी मराठी म्हाताऱ्यांचा एक कट्टा सापडल्याचं बाबांनी जाहीर केलं. एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक रणगाड्यांच्या कारखान्यातले, आणि एक तंजावरचे, ज्यांच्या घराण्यात जितक्या पिढ्या मराठी बोलतात तितक्याच पिढ्या ती तमिळ सुरात बोलतात. बाबा रोज संध्याकाळी गाडी घेऊन निघायचे आणि मी घरी पोचले की पाच-दहा मिनिटांत तेही परत यायचे. हा योगायोग मला फार गोड वाटायचा.

तंजावरच्या आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डबा भरून बेसनाचे लाडू पाठवले. डबा रिकामा परत आला, सोबत निरोपही, की मुलीच्या हाताला चव आहे. पुण्याच्या भावाला फोन करून मी हे सगळं सविस्तर ऐकवलं. त्याला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, हे त्याच्या कानावर घालणं गरजेचं होतं. त्याच महिन्यात बाबांची शुगर वाढली. त्याचं खापर आम्ही इथल्या भातावर फोडलं.

मग धूर सुरू झाला. मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक मामी भाजीच्या गाडीपाशी मला गाठून म्हणाल्या, "उंग अप्पा कार, रोंब पुगै." तुमच्या वडिलांची गाडी फार धूर करते. मी हसून मान हलवली. या मामींना आमच्या फोडणीचाही त्रास होतो, तेव्हा त्यांचं काय मनावर घ्यायचं.

पण पुढे गाडी फ्लायओव्हर चढेना. समोर एक पिवळा दिवा लागला तो विझेना. नवऱ्याने ती गिंडीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे गुबगुबीत सोफा आहे, कॉफीचं मशीन आहे आणि टाय लावलेला एक गृहस्थ आहे, जो कुठल्याही बिघाडाला 'भेसळीचं डिझेल' म्हणतो. त्यांनी इंजिनाचा हवा घेणारा भाग उघडून त्याचा फोटो दिला. करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा काळा, ओलसर थर. हवेला जायला जेमतेम बोटभर वाट उरली होती.

त्या रात्रीच्या जेवणात नवऱ्याने फोनवर तो फोटो उघडला आणि फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. आजची डिझेल इंजिनं म्हणे हवा स्वच्छ राहावी म्हणून आपला थोडा धूर परत आपल्याच पोटात घेतात.

"म्हणजे आपला धूर आपणच गिळायचा," मी म्हणाले.

"अगदी तसंच. गाडी लांब पळवली, इंजिन चांगलं तापलं, तर भागतं. पण ही गाडी तापलेलीच नाही. ही पळणाऱ्या गाडीची काजळीच नव्हे. रोज तासन् तास इंजिन चालू, एसी चालू आणि गाडी एका जागी उभी, तेव्हा हे असं होतं. आणि तो टायवाला मला भेसळ शिकवतो. मला."

इतका खुश मी त्याला बॅटरी आल्यापासून पाहिला नव्हता. बाबा ताटातला रसमभात उगाच कालवत होते.

"बीचच्या रस्त्याला ट्रॅफिक फार असतं," ते म्हणाले.

"ट्रॅफिकने एवढं होत नाही, बाबा," नवरा प्रेमाने म्हणाला आणि त्याने फोटो आणखी मोठा केला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

गाडी साफ होऊन आली त्या शनिवारी मी म्हणाले, "बाबा, आज मीही येते तुमच्या कट्ट्यावर." त्यांनी किल्ली घेतली. फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळले, पुन्हा डावीकडे वळले आणि मागच्या गल्लीत, मामींच्या कंपाउंडपाशी, झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. आईच्या आवडीची भावगीतं सुरू झाली.

"कट्टा?"

"हाच."

"आणि रेल्वेवाले?"

"पहिल्या दिवशी खरंच गेलो होतो बीचवर. कोणी नव्हतं. घरी आल्याबरोबर तू विचारलंस, भेटलं का कोणी? तुझा चेहरा बघून हो म्हणालो. मग काय, एकाला रेल्वेत लावलं, एकाला गुडघा दिला."

"लाडू?"

"चांगले झाले होते."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढा, की रडू येईल असं वाटलं म्हणून मी आणखी रागावले.

"मग सरळ सांगायचं होतंत ना, की मन लागत नाही."

"सांगितलं होतं. तेव्हा तू भाषण दिलंस." ते शांतपणे म्हणाले. "आणि मग तू भावाला फोनवर सांगायला लागलीस, बाबा रमले म्हणून. इतकी खुश होतीस. मग सांगलीला जाणार कसा मी?"

मी हात लांब करून इंजिन बंद केलं. "काजळी साठते," एवढंच म्हणाले. काचा खाली केल्या. उकाडा आत आला, पाठोपाठ डास. मामी खिडकीत येऊन बघून गेल्या. आज धूर नव्हता, त्यामुळे त्यांना बोलायला काही नव्हतं.

गाणी तेवढी चालू होती. बाबा अधूनमधून समोरच्या काचेतून वर बघत होते. मी वाकून पाहिलं. दोन इमारतींच्या फटीतून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, अंधारी.

मग नवरा घरी आला असावा. खिडकीत दिवा लागला.

बाबांचा हात सवयीने किल्लीवर गेला. चेहरा एकदम उजळला.

"आली," ते स्वतःशीच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच बसले होते.