भागूमावशीचं मडकं

भागूमावशी पाण्याला जीभ लावल्याशिवाय कामाला हात घालत नसे. सकाळी बंगल्यावर आली की दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत करंगळी बुडवायची, जिभेच्या शेंड्यावर टेकवायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मग "बेस हाय" म्हणून केरसुणी उचलायची. मला शिसारी यायची. मी बी.एस्सी. झालेली, तीही प्राणिशास्त्र घेऊन; मी नाक मुरडणार नाही तर कोण!

हे एकाहत्तर-बहात्तर सालचं. मी लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि वलवणच्या रस्त्याला एका मुंबईकर साहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायची. साहेबांना समुद्राचं वेड. ओहोटीच्या वेळी खडकांवरून त्यांनी जिवंत प्रवाळ काढून आणले होते आणि इथं डोंगरावर खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. दर दुसऱ्या शनिवारी ते मोटारीतून बरण्या भरून समुद्राचं पाणी घेऊन येत. एरवी टाकीवर देखरेख माझी आणि राबायला भागूमावशी. ती वरच्या ठाकरवाडीतली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. प्रवाळांना ती 'फुलं' म्हणे.

काही बिघडलं की तिचा एकच मंत्र होता : "आदी बसावं, मंग हात घालावा." एकदा एका दगडावरची फुलं रोज मिटलेली दिसायला लागली. मी लगेच निदान केलं, पाणी खराब, बदला. मावशी मात्र कामं आवरून टाकीसमोर फतकल मारून बसली. दुपारी तिनं सुक्या बोंबलाचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला आणि दगडाच्या बेचक्यातून नखाएवढा खेकडा बाहेर ओढला. तोच फुलं कुरतडत होता. साहेबांना मी सांगितलं, "आम्ही शोधून काढला." त्या 'आम्ही'त ती किती होती, हे माझं मलाच ठाऊक.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटायला लागलं. मी समुद्राचं पाणी ओतून टाकी भरायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बाई, आमटी आटली म्हंजी मीठ न्हाई घालत, पानी घालत्यात." पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. मी ओशाळले आणि ओशाळल्याचा रागही तिच्यावरच काढला. तेव्हापासून ती वाडीजवळच्या झऱ्याचं गोडं पाणी आपल्या मडक्यातून आणून रोज थोडं थोडं घालू लागली. फुलं टरारली.

पण ते मडकं मला खुपायचं. बुडाला काळं, काठाला टवका उडालेलं. साहेबांच्या दिवाणखान्यात ते शोभत नाही, असं मी म्हणे. खरं सांगायचं तर ते तिच्या घरचं होतं, हे मला खुपत होतं. शिकलेल्या माणसाची शिवाशिव कुठं दडलेली असते, ते देवालाही सापडत नाही. मी आईनं दिलेली तांब्याची कळशी काढली. रोज चिंचेनं लख्ख घासायची, रात्रभर पाणी तिच्यात ठेवायचं आणि तेच टाकीत घालायचं, असं फर्मान सोडलं. तांब्याचं पाणी शुद्ध, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं!

मावशी कळशीकडे बघत राहिली. "तांब्यात ताक ठेवलं तर कळकतं, बाई. ही तर मिठातली फुलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हे ताक नाही, पाणी आहे. सांगितलं तेवढं कर." तिनं केलं.

आठ-दहा दिवसांत आधी टाकीतल्या समुद्री गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग फुलं मिटली, बुळबुळीत झाली, पांढरी पडली. मावशीनं करंगळी जिभेला लावली आणि लगेच थुंकली. "कळकलं," एवढंच म्हणाली. त्या गुरुवारी मी साहेबांच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक उघडलं. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं : अशा टाकीला तांब्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. शुक्रवारी मी कळशी उचलून माझ्या खोलीत नेली.

शनिवारी साहेब आले. टाकीसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी विचारलं, "वरचं पाणी कोण घालतं?" मी म्हणाले, "भागूमावशी." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. साहेबांची नजर ओसरीवरच्या काळ्या मडक्याकडे गेली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहत राहिले. सोमवारपासून येऊ नकोस, असं साहेबांनी तिला सांगितलं.

मागच्या दारानं जाताना ती थांबली. दोन फुलांत अजून धुगधुगी आहे, साहेबांनी आणलेलं नवं पाणी भरा, वर घालायला माझं मडकं ठेवून जाते, असं म्हणाली. ठेवून गेलीसुद्धा. ती दोन फुलं खरंच जगली. "तुम्ही होतात म्हणून वाचली," साहेब मला म्हणाले. मी मेलीनं ते श्रेयही घेतलं!

तीनेक वर्षांनी ती लोणावळ्याच्या बाजारात करवंदांची पाटी घेऊन बसलेली दिसली. मी दुसऱ्या बाजूनं सटकणार, तेवढ्यात तिनंच हाक मारली. पानांचा द्रोण भरून करवंदं दिली. फुलं कशी आहेत, विचारलं. मी म्हटलं, वाढलीत, दगडभर झालीत. तिचा चेहरा फुलला. मग हळू आवाजात म्हणाली, "वाडीत म्हंत्यात, भागीच्या मडक्यानं सायबाची फुलं मारली. झऱ्यावर बाया माजं नवं मडकंबी बाजूला सारत्यात. माजं ऱ्हाऊ द्या, बाई. मडक्याचं तेवढं सायबास्नी सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

साहेब त्यानंतरही वर्षानुवर्षं शनिवारी येत राहिले. मी त्यांना चहा करून द्यायची, टाकीसमोर बसून आम्ही तासन्‌तास बोलायचो. ते मडकं माझ्या खिडकीत पालथं घातलेलं असायचं. आज सांगते आहे, की ती फुलं माझ्या कळशीनं मेली आणि उरलेली दोन त्या मडक्यानं जगवली. पण ऐकायला साहेबही नाहीत आणि भागूमावशीही नाही.