चिकटवलेला चुंबक

माझ्या ताईला लोक तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे. तिच्या जागी मी असते तर त्या कारखान्यातली एक काच धड राहिली नसती.

कारखाना चष्म्याच्या काचांवर धातूचा पातळ थर चढवतो. ताई तिथे संशोधन विभागात आहे आणि तिची उमेदीची सगळी वर्षं एका पोलादी डब्यासमोर गेली आहेत. डब्यातली हवा उपसून काढायची आणि नावापुरता वायू आत सोडायचा. आत धातूची चकती, तिच्या पाठीशी चुंबक. वीज दिली की वायू उजळतो, आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकाच्या तावडीत सापडून चकतीसमोर गोल फिरत राहतात. खिडकीतून पाहिलं तर जांभळट उजेडाचं एक कडं दिसतं. तिथून होणाऱ्या माऱ्याने चकतीचे कण उडतात आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतात.

कडं दिसतं अखंड, पण तसं ते नसतं. ताईने वेगवान कॅमेरा लावला तेव्हा कळलं, की त्यात उजेडाचे सुटे पुंजके आहेत आणि ते एकामागून एक गरगरत असतात. पंखा जोरात फिरला की पाती दिसत नाहीत, तसंच हे. चुंबक चकतीच्या जवळ सरकवला की पुंजके बदलतात, लांब नेला की पुन्हा बदलतात. काही अंतरांवर थर काचेला घट्ट धरतो, काहींवर त्याचे पापुद्रे सुटतात. असं का होतं, हे शोधायला ताईने चुंबक मागेपुढे सरकवणारी स्क्रूची चौकट स्वतः उभी राहून बनवून घेतली होती. तसलं दुसरं यंत्र तिथे नाही. निवृत्तीच्या आत तिला तेवढा एकच प्रश्न सोडवायचा होता.

पुंजक्यांच्या त्या गरगरण्याला शास्त्रात अस्थिरता म्हणतात. साहेबांना मात्र त्या सगळ्या कामात तेवढा एकच शब्द ऐकू आला.

"अहो मॅडम, मोठं गिऱ्हाईक येणार आहे. अस्थिर म्हटलं तर पळून जाईल. ते आधी घालवा बघू."

"घालवायचं नाहीये साहेब, समजून घ्यायचंय. कदाचित त्या पुंजक्यांमुळेच थर घट्ट बसत असेल."

साहेबांनी मान डोलावली. साहेब मान डोलावतात तेव्हा ऐकत नसतात, हे तिथल्या मांजरालाही माहीत आहे.

त्याच आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ताई रजा काढून माझ्या उशाशी बसली, आणि तिकडे साहेबांनी डाव साधला. हाताखालच्या हसऱ्याला त्यांनी हुकूम दिला, की कडं सगळ्यात गुळगुळीत दिसेल तिथे चुंबक आणायचा आणि कायमचा चिकटवून टाकायचा. हसऱ्या म्हणजे प्रत्येक गोष्टीला हसून हो म्हणणारा माणूस. ताईनेच त्याला कामाला लावून शिकवलेलं. त्याने खिडकीला डोळा लावला, चुंबक सरकवला, आणि चौकटीसकट सगळं पक्क्या गोंदाने जाम करून टाकलं. कॅमेरा शेजारच्या कपाटात होता. तो लावून बघावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

ताई परतली तेव्हा हसऱ्या म्हणाला, "ताई, तुमचा त्रास वाचवला."

ताईने कॅमेरा लावला. पुंजके सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वेगात फिरतात, नेमकं तेच अंतर त्यांनी निवडलं होतं. डोळ्याला गुळगुळीत दिसलं ते त्यामुळेच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे तर औषध म्हणून रोगच पाजला होता.

"गरम करून गोंद सोडवू या का?" हसऱ्याने विचारलं.

"त्या गोंदाला लागेल एवढी आच दिलीस तर चुंबकाची ताकदच जाईल," ताई म्हणाली. "मग काय लोखंडाचा गोटा सरकवत बसू?"

ती फोटो घेऊन साहेबांकडे गेली आणि नवी चौकट मागितली. साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काय कॅमेरा बसवलाय? आणि नवी चौकट आता विसरा." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर शिकलेला माणूस म्हणे!

गिऱ्हाइकाकडचे पाहुणे आले त्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मी गेले. साहेब डब्याकडे बोट दाखवून सांगत होते, "बघा, किती स्थिर आहे." पाहुणे वाकून बघत होते आणि माना हलवत होते. ताई मागे उभी होती. ती पुढे आली आणि सरळ म्हणाली, "ते स्थिर नाहीये. तुम्हाला दिसत नाही, एवढंच. कॅमेरा आणते, दाखवते."

साहेब हसले. "आमच्या मॅडम फार विनोदी आहेत." हसऱ्या हसला, पाहुणे हसले, काहींनी टाळ्याही वाजवल्या. सगळी मंडळी चहाला गेली.

परत येताना बसथांब्यावर मी तिला म्हटलं, "सोड ना ताई. तू तुझं काम करत राहा."

"कशावर करू?" ती म्हणाली. "चुंबक हलला की काय होतं, हे मला बघायचं होतं गं. तो आता हलतच नाही."

बाबा गेले तेव्हाही चारचौघांत न रडलेली माझी ताई तिथे रडली. माणसं वळून बघत होती. मी तिचा हात धरून उभी राहिले, आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या प्रत्येक हाताचा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.