चौथा कोपरा

आमचे हे आठवडाभर माणसांच्या आतले फोटो काढतात आणि रविवारी बाहेरचे. म्हणजे हेमचंद्र आदिलाबादच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला आहेत, आणि सुट्टी आली की कॅमेरा गळ्यात अडकवून रानोमाळ हिंडतात. कुंटाल्याचा धबधबा, कवालच्या जंगलातले चितळ, निर्मलच्या किल्ल्याचे बुरूज, काही म्हणजे काही सोडलं नाही. मी चारुलता, शाळेत गणित शिकवते. लग्नानंतरचे निम्मे रविवार मी एकटीनं काढलेत, हे बोटांवर मोजून सांगू शकते.

या माणसाचा जीव मात्र एका दगडात अडकला होता. भीमपूरकडच्या एका खेड्यात शिवेवर चिंचेखाली आई, म्हणजे गावदेवी, आहे. पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर चढून तिचा नुसता गोल लाल डोंगर झालेला. फक्त पायाशी, जिथं शेंदूर पातळ होता, तिथं घोड्याचा एक खूर दिसे. त्या खुरावरून यांनी ओळखलं, की खाली जुनं कोरीवकाम आहे. तेव्हापासून चौदा वर्षं दर दोन-चार महिन्यांनी तिथं फेरी. एक जाणकार म्हणाले, "थोडं खरवडून पाहा ना, कोण बघतंय?" यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. हे म्हणत, आई आपण होऊन शेंदराचं कवच टाकेल तेव्हा बघू. मी म्हणायची, तोवर आपलीच कवचं गळतील.

दोन हजार सोळाच्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्याच दिवशी आदिलाबादमधल्या एका संस्थेनं यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं, सगळा जुना जिल्हा एका सभागृहात. अकरा वाजता यांचा सत्कार. आयुष्यात पहिल्यांदा कुणी या वेडाची दखल घेत होतं. मी मोरपिशी रंगाची नवी साडी नेसून सातलाच तयार होते. तेवढ्यात त्या खेड्यातून यांच्या ओळखीच्या उद्धवरावांचा फोन आला.

"सायेब, आईनं पहाटं कवच टाकलं. दुपारच्या आत नवा शेंदूर चढते. या लवकर!"

मी आकाशपाताळ एक केलं. सत्काराचं काय, पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं? हे बूट घालत म्हणाले, "तू जा सभागृहात." एकटीनं काय यांच्या खुर्चीशी बोलत बसू? मीही गेले यांच्या गाडीवर मागे बसून, तीही तणतणत. वाटेत तारेवर नीलपंख बसला होता. दसऱ्याला तो दिसावा म्हणून इकडे लोक शिवार धुंडाळतात, पालापिट्टा म्हणतात त्याला. यांनी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण किती खोल आहे ते.

चिंचेखाली माणसं जमली होती. आईभोवती आडोशाला काही बायका पदर धरून उभ्या होत्या. आईची पूजा करणारी सोजरबाई, सत्तरी ओलांडलेली, कॅमेरा पाहून पुढं आली.

"बापू, आई उघडी हाये. उघड्या बाईचा फोटो काढतेत का?"

चौदा वर्षांची वाट एका वाक्यात संपली. मग यांनी कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली आणि पिशवी चिंचेच्या फांदीला टांगली. मला रडूच आलं, रागानं आणि कणवेनं.

पण खरी अडचण गावाची होती. आईच्या न्हाणाला भोवती नवं लुगडं धरतात. चार कोपरे चार घरांचे. धरणाऱ्या पुरुषानं आईकडे पाठ करून उभं राहायचं, आणि आत फक्त त्या चार घरच्या बायका. चौथं घर वामनरावांचं, तिथं त्या वर्षी कुणीच उरलं नव्हतं. चौथा कोपरा कुणी धरायचा, यावर गावात जुंपली होती.

सोजरबाईनं सगळ्यांना गप्प केलं. "चवदा वर्सं येऊन राह्यला हा. आईले कधी नख नाई लावलं. घे बापू, धर कोपरा. अन् बाई, तू ये आत."

उद्धवराव हळूच यांच्या कानाशी लागले. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. "सायेब, मोबाईल खिशात हाये ना? मान जराशी वळवा. लुगड्याआड कोनाले दिसते?"

लुगडं उभं राहिलं. मी आत गेले. बायकांनी तांब्यानं पाणी घातलं आणि शेकडो वर्षांचं सगळं कोरीवकाम माझ्यासमोर उजळ झालं. पण खोटं कशाला सांगू, मी आईकडे कमी आणि यांच्या मानेकडेच जास्त पाहत होते. हातभरावर ती मान होती, घामानं ओली. वळली असती, तर मी कुणाला बोलले नसते. बायकोच मी. पाण्याचा आवाज आला तशी ती मान ताठ झाली. बायकांच्या तोंडून "आई गं!" निघालं, तेव्हा यांनी कोपरा आणखी उंच धरला. मान वळली नाही. अर्धा तास वळली नाही.

नवा शेंदूर चढला, लुगडं उतरलं. यांनी वळून पाहिलं, तेव्हा समोर पुन्हा लाल दगड होता. यांनी हात जोडले. शाळेत, सासरी, माहेरी मी पुष्कळ मान मिळवला, पण या माणसाची बायको असल्याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

परतताना मला राहवेना. "विचारा ना, काय होतं ते!"

"नको. सांगू नको."

थोडं पुढं सोयाबीन कापलेल्या एका वावराशी यांनी गाडी थांबवली. त्या दिवसात पहिल्यांदा कॅमेरा बाहेर काढला. "उतर. त्या बांधावर उभी राह्य."

माझी नवी साडी भिजलेली, हाताला शेंदूर, केस विस्कटलेले. "या अवतारात माझा कशाला फोटो?"

"तू पाह्यलं ना आईले," हे म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांवर कॅमेरा रोखला.