पाच अक्षरं, मग मोकळी जागा

तारमावशींचा मेल सोमवारी बंद पडला आणि गुरुवारपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? खालच्या मजल्यावरचा शिंपी जाता-येता 'काय मावशी, बऱ्या ना?' विचारायचा, पण उत्तर यायच्या आत त्याचं मशीन सुरू झालेलं असायचं.

त्यांची अख्खी नोकरी तारघरात, टेलिप्रिंटरवर गेली. नाव मागे पडलं, 'तारमावशी' उरलं. आणि नोकरीभर तारेच्या दुसऱ्या टोकाला, दूरच्या शहरात, एकच माणूस बसायचा. त्याला त्या 'पलीकडचे' म्हणायच्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही. पण पलीकडच्यांना बरं नसलं की खटक्यांच्या चालीवरून मावशींना कळायचं. तारघराला कुलूप लागलं, तसे दोघं मेलवर आले. रोज सकाळी दोन-चार ओळी. हवा कशी, गुडघा कसा, शेजारणीनं जिन्यात पुन्हा काय पसारा मांडला.

मावशींचा मेलचा प्रोग्राम म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही, सगळा कारभार कीबोर्डच्या कळांवर. याला कारण हाताचा कंप. माऊस धरला की पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा धावायचा. कळा दाबायच्या म्हटलं की तोच हात मुकाट कामाला लागायचा.

आता मेल कंपनीनं फर्मान काढलं होतं. जुन्या प्रोग्रामांना साधा पासवर्ड यापुढे चालणार नाही. कंपनीच्या पानावर जायचं, फोनवर आलेला आकडा भरायचा, आणि त्या प्रोग्रामपुरता एक वेगळा, लांबलचक पासवर्ड बनवून घ्यायचा. मावशींनी तेही केलं. उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं, बाणाला चुचकारत एकदाचं बटणावर नेलं, आणि मिळालेला पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतला. अर्थ नसलेली अक्षरं, एकाला एक चिकटलेली. काळ्या पडद्यावर ती टाइप केली. उत्तर आलं: ओळख पटली नाही. पुन्हा केली. ओळख पटली नाही.

एरवी त्यांनी नाद सोडला असता. पण पलीकडचे याच आठवड्यात मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. तिथं कॉम्प्युटर मिळेल की नाही, त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. 'कसं गाठायचं ते कळवतो,' एवढं लिहिलं होतं. ते कळवणं आत येऊन पडलं असणार आणि दार बाहेरून उघडत नव्हतं. म्हणून गुरुवारी दुपारी मावशींनी भाचीला फोन लावला. भाची दुसऱ्या शहरात एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची.

भाचीनं आधी रीतसर झापलं. इतके दिवस गप्प बसलीस, मी काय मेले होते का. मग सर्व्हरचं नाव वाचून घेतलं, सुरक्षित जोडणी चालू आहे ना ते बघायला लावलं. सगळं बरोबर होतं. फोनवरच मेल बघ की, म्हणाली. मावशी म्हणाल्या, त्या काचेवर माझं एक बोट तीन अक्षरं उमटवतं. पासवर्ड कॉपी करून टाक, म्हणाली. मावशींनी बाणाची कहाणी ऐकवली.

"बरं, फोन कीबोर्डशेजारी ठेव आणि टाइप कर."

"तुला काय दिसणार त्यातून? मलाच दिसत नाही. पासवर्ड टाइप करताना पडदा मख्ख बसून असतो."

"ऐकते तरी."

मावशींनी टाइप केलं. ओळख पटली नाही.

"मावशी, मधेच तो धप्प आवाज कसला गं?"

"कसला धप्प?"

"टक टक टक टक टक, धप्प. स्पेसची कळ आहे ती. तू मधे जागा सोडतेयस."

"वेडी आहेस का? मी कशाला सोडू?"

"पुन्हा कर. या वेळी अंगठ्याकडे बघ."

मावशींनी अंगठ्याकडे पाहिलं. पाच अक्षरं झाली आणि तो आपसूक खाली आला. व्यापाऱ्यांच्या सांकेतिक तारा पाच-पाच अक्षरांचे गट पाडून पाठवायच्या असत. गट संपला की जागा. अर्थ नसलेली अक्षरं दिसली आणि अंगठा आपला कामावर हजर. त्याला कुणी निवृत्त केलंच नव्हतं.

"मुठीत डांब त्याला," भाची हसत म्हणाली.

अंगठा आत दुमडून मावशींनी एकेका बोटानं पासवर्ड ठोकला. पडदा क्षणभर तसाच राहिला, मग ओळी भराभर खाली उतरू लागल्या. झालं ना, भाचीनं विचारलं, आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवलासुद्धा. मावशींना तिची तब्येत विचारायची होती.

पलीकडच्यांचे दोन मेल होते. पहिल्यात, मुलगा उद्या न्यायला येतोय, तिकडे कॉम्प्युटर नाही, आणि खाली मुलाचा नंबर. दुसरा निघायच्या सकाळचा: 'तुमचं काही आलं नाही. लाइन खराब आहे असं समजतो. दुसरं काही समजायचं नाही, असं ठरवलंय.'

मावशींनी तो नंबर लावला.

"कोण बोलतंय?" मुलानं विचारलं.

नातेवाईक नाही. शेजारी नाही. मैत्रीण म्हणावं, तर कधी भेट नाही.

"मी त्यांच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला असायचे," मावशी म्हणाल्या. "तारघरात."

"अच्छा." आवाज अदबीचा होता आणि घाईचा. बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणाला. निरोप असेल तर सांगतो.

लोकांच्या निरोपांतले जास्तीचे शब्द कापून देण्यात मावशींची हयात गेली होती. आज त्यांना कापायलासुद्धा शब्द सापडेना.

"सांगा, लाइन सुरू झाली."

"कसली? विजेची?"

"तेवढंच सांगा. कळेल त्यांना."

मुलानं तिथूनच ओरडून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग लांबून, खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातून यावा तसा, एक आवाज आला. बारीक, किनरा. काय म्हणाला ते कळलं नाही. विचारावं म्हणून मावशींनी तोंड उघडलं, तोवर मुलगा 'सांगितलं हं, ठेवतो' म्हणाला होता.

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानाशीच धरला होता. वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या खटक्यांना हा बारीक आवाज जोडून बघत होत्या. तो काही केल्या बसेना.