दत्तक न गेलेला वारस

माझी आई कासाराची मुलगी. तिची आई वैजापूरकडच्या एका जहागीरदाराच्या घरी मागच्या दारानं बायकांना बांगड्या भरायला जायची, लेकीलाही सोबत न्यायची. त्या घरच्या थोरल्या मुलानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, हिच्याशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला. आजोबांनी लग्न अडवलं नाही. पण भरल्या बैठकीत सांगून टाकलं की कासारणीच्या पोटचं मूल गादीवर बसणार नाही, गादी धाकट्याकडं जाईल. वडील बरं म्हणाले, आईला घेऊन औरंगाबादेत आले आणि कचेरीत कारकुनीला लागले.

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, तशा जहागिऱ्याही गेल्या. गावं गेली, वसूल गेला. उरली ती नुसती गादी आणि दसऱ्याला गावानं तिला पहिलं सोनं द्यायचा मान. तेवढ्यासाठी घराणं जीव टाकत होतं.

आजोबांमागं गादीवर बसलेले काका निपुत्रिक वारले तेव्हा माझा भाऊ कॉलेजात होता. वडिलांचे चुलते विधवा काकूंना घेऊन आमच्या दोन खोल्यांत आले. त्यांनी तोड काढली होती. काकूंनी भावाला दत्तक घ्यायचं, म्हणजे आईच्या कुळाचा प्रश्न मिटला. समारंभाला आईनं मात्र यायचं नाही.

वडील मान खाली घालून बसले. आई भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच दारात आली, पण आवाज चढवला नाही.

"मामंजी, लेकरू तुमच्याच रक्ताचं हाय. बसवायचं तर कासारणीचं म्हणून बसवा. मला पुसून नाय."

तसं घराण्यात चालत नाही, ते म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी भावाला विचारलं. मला आई आहे, दुसरी नको, एवढंच तो बोलला. काकू उठल्या, आत जाऊन चुलीजवळ बसल्या.

"मला लेकरू पाहिजे का, हे तरी कुणी विचारलं?" त्या आईला म्हणाल्या. आईनं त्यांच्यापुढं गरम भाकरी ठेवली.

गादी लांबच्या भावकीतल्या एका मुलाला मिळाली. पुढच्या दसऱ्याला आई म्हणाली, आपण जायचं. आम्ही चौघं पुढच्या दारानं आत गेलो. आईनं त्या मुलाच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, तसा तो गादीवरून उठला आणि तिच्या पाया पडला. बैठकीत कुणाला ते रुचलं नाही. आम्ही पंगतीला बसून, जेवूनच निघालो.