ओकबुनने विकत घेतलेलं स्वप्न

आमच्या बल्ग्यो या खाडीकाठच्या गावात लग्न झालेल्या बाईला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. ती अमक्याची आई होते. ओकबुन मात्र नऊ वर्षं नुसती 'गोहुंगवाली' राहिली, गोहुंगहून आलेली सून. मी बल्ग्योतल्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि तिच्या सासरच्या शेजारीच राहायची.

बहात्तर साली सासूने तिला तोंडावर सांगितलं, "सुगीच्या चुसॉक सणापर्यंत पाहीन. नाही तर ब्योंगूसाठी दुसरी बाई आणीन. मी मेल्यावर पितरांपुढे वाडगं कोण ठेवणार, तू?" ब्योंगू, म्हणजे ओकबुनचा नवरा, खाली मान घालून जेवत राहिला. 'एकदा त्यालाही डॉक्टरला दाखवा' एवढंच मी म्हणाले, तर त्या घराचं दार मला बंद झालं. ओकबुन मागच्या भिंतीवरून बोलायची.

उन्हाळ्यात एका सकाळी मागच्या भिंतीपाशी ओकबुनकडे पलीकडच्या घरातली मालसुन आली. तिला चार पोरं.

"गोहुंगवाले, काल स्वप्नात हा एवढा सोनेरी मासा उडी मारून माझ्या घागऱ्यात पडला. गर्भाचंच स्वप्न, दुसरं काय! मला पाचवं नको गं बाई. तू घे विकत."

असं स्वप्न आमच्याकडे विकता येतं. फुकट घेतलं तर लागू पडत नाही. ओकबुनने लग्नातला गुलाबी रेशमी घागरा काढून दिला आणि ओटी पसरून ते स्वप्न घेतलं. मी पदवी घेतलेली बाई, हसायला हवं होतं. पण तिचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही हसला नसतात.

त्या महिन्यात तिची पाळी चुकली. बारा दिवस ती पाऊल जपून टाकायची. शिंपल्या वेचायला खाडीच्या चिखलात जाणं बंद. सासूने स्वतःच्या वाटणीचा माशाचा तुकडा तिच्या भातावर ठेवला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. तेराव्या दिवशी पाळी आली. आणि पुढच्याच आठवड्यात चिखलात शिंपल्या वेचता वेचता मालसुनला उलटी झाली.

सासू तरातरा तिच्या अंगणात गेली. "मासा आम्ही घेतलाय. पोर आमचं!"

"अहो आजी, तुमचा घागरा घेऊन जा परत!"

"सौदा झाला तो झाला. चार आहेत ना तुला? त्यांचीच नाकं पुसून होत नाहीत तुझ्याच्याने!"

मालसुनचा नवरा म्हणाला, तेवढंच एक खाणारं तोंड कमी. मालसुन दोन दिवस रडली आणि हो म्हणाली. सण आला, गेला. दुसरी बाई आणायची सासू त्या पोरासाठी थांबली. आता फक्त ओकबुनने हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की घर राहणार होतं, नवरा राहणार होता.

थंडी पडली. किमचीच्या लोणच्यासाठी कोबी मिठात घालायला ओकबुन मालसुनकडे गेली, ती संध्याकाळी परतली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आई, मी ते पोर आणणार नाही. तुम्ही बाई आणा."

बाई आली. ओकबुन गोहुंगला भावाकडे गेली. ब्योंगूने गाठोडं बसपर्यंत पोचवलं. पुढे त्या दुसरीलाही मूल झालं नाही. हे सांगताना मला लाज वाटायला हवी; वाटत नाही.

चार वर्षांनी मी गोहुंगला गेले. ती किनाऱ्यावर खाण्याच्या शेवाळाचे ताव वाळत घालत होती. मी काही गोड बोलले नाही. "वेडे, हाती आलेलं पोर का सोडलंस?"

"बाई, त्या दिवशी कोबी घालताना मालसुनताईने माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. आत त्याने लाथ मारली." तिने हात स्वतःच्या पोटावर ठेवला. "मला ते पोर नको होतं हो. मला ती लाथ हवी होती. इथे. आतून."

वारा सुटला, दोन-तीन ताव उडून वाळूत पडले. मीच धावले गोळा करायला. ती तिथेच उभी होती, पोटावरचा हात तिने काढला नव्हता.